रविवारचा फेस

पुण्यात आमच्या भागात पत्ता सांगताना लोक 'नाला ओलांडला की डावीकडे' असं सांगतात. मीही दहा-बारा वर्षं रिक्षावाल्यांना आणि कुरिअरवाल्यांना तेच सांगत आले. त्या नाल्याला नाव आहे, रामनदी. मुळशी तालुक्यात भुकूमजवळच्या खाटपेवाडीला ती उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. हे मला कळलं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. 'रविवारी सकाळी ७ वाजता नदी स्वच्छता, हातमोजे आणावेत' असा निरोप होता, खाली नदीची माहिती होती. मुलाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोटो हवे होते, म्हणून आम्ही गेलो. त्यापलीकडे काही उदात्त वगैरे कारण नव्हतं.

त्या पहिल्या सकाळी माझ्या वाट्याला एक साडी आली. काठावरच्या गाळातून निळ्या कापडाचं टोक वर आलेलं होतं, ते मी ओढलं. वीतभर आलं, मग अडलं. शेजारच्या काकांनी हात लावला, अजून हातभर आलं. ती साडी उंबराच्या मुळ्यांतून गुंडाळत गेली होती आणि तिच्या घडी-घडीत गाळ बसला होता. तिघांनी मिळून, खुरप्यानं माती मोकळी करत करत, ती पाऊण तासात सगळी बाहेर काढली. भिजलेली साडी एवढी जड असते याची मला कल्पना नव्हती. नदीत प्लास्टिक असेल या तयारीने आम्ही गेलो होतो. निघालं ते बहुतेक कापड. साड्या, चादरी, उशा, लग्नातले सॅटिनचे पडदे, एक अख्खी गादी. देवाचे जुने फोटोही बरेच, काचेसकट.

'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या दोन ताई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी ढिगाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "यातलं विकायला जाईल असं काहीच नाही." बाटल्या वगैरे मालाचं प्लास्टिक नदीत येण्याआधीच कुणीतरी वेचून नेलेलं असतं. पाण्यापर्यंत पोचतं ते ज्याला भंगारवाला हात लावत नाही ते: वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल आणि चिंध्या. नदीतला कचरा भावाप्रमाणे चाळून आलेला असतो, हे मला तिथे उभं राहून कळलं.

तीन महिने आम्ही नेमाने गेलो. पंधरा-वीस माणसं, चहा-पोहे, शेवटी पोत्यांच्या रांगेमागे ग्रुप फोटो. खोटं कशाला सांगू, मजा यायची. पण जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि दोन तासांत आमचा तो दीडशे मीटरचा पट्टा पहिल्या दिवशी होता तसा झाला. वरून आलेलं सगळं पुन्हा त्याच उंबराला अडकलेलं. त्या रविवारी सहा जण आले, पुढच्या रविवारी चार.

तेव्हाच आप्पा आमच्यात आले. ते मूळचे इथल्या गावठाणातले, वय पंच्याहत्तरच्या पुढे. तोवर ते पुलाच्या कठड्याला टेकून नुसते बघत असायचे. एक दिवस खाली उतरले आणि म्हणाले, "तुम्ही कपडे काढताय, बरंय. पण पाणी काळं का, ते कोन बघनार?" त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत झिरा खणून प्यायचं पाणी भरायचे. खेकडे धरायला रात्री कंदील घेऊन जायचे. सोमेश्वराच्या देवळापाशी पोहायला शिकले ते. मी हे लिहिताना उगाच हळवी होत नाहीये. आप्पा स्वतः अजिबात हळवे नाहीत. त्यांनी जमीन विकली, बंगला बांधला, आणि त्याच बंगल्याचं मैलापाणी सुरुवातीची बरीच वर्षं याच ओढ्यात सोडलं, हेही त्यांनीच सांगितलं. "तवा लाईनच नव्हती, कुठं सोडनार?"

ऑक्टोबर २०१० च्या त्या रात्रीची गोष्टही त्यांच्याकडूनच ऐकली. एका रात्रीच्या पावसात रामनदीला पूर आला, पाषाण-बाणेर भागात घरांत पाणी शिरलं, माणसं गेली. एका दुकानाच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनी काठीने दाखवलं. माझ्या खांद्याच्या वर. आता तिथे नवा रंग आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल, एवढं मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. ती रेषा आपल्या रोजच्या किराणा दुकानाच्या आत, डाळीच्या फळीपाशी कुठेतरी असेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

औंधला राम-मुळा संगमावर नद्यांसाठी काम करणाऱ्या 'जीवितनदी' संस्थेचे कार्यकर्ते 'दत्तक घेऊया नदीकिनारा' या उपक्रमात अशाच रविवारी जमतात, ते बघायला आम्ही चौघं गेलो. तिथून दोन गोष्टी घेऊन आलो. एक, पट्टा लहान घ्यायचा पण सोडायचा नाही. दुसरी, घरात वापरतो ती रसायनं हा नदीचाच विषय आहे. पहिली लगेच पटली. दुसरीवर मी मान डोलावली आणि घरी येऊन विसरून गेले. साबण बदलून नदी कशी सुधारेल, असं तेव्हा मनात होतं.

ओळखीच्या एका कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या मॅडमना आम्ही गळ घातली. त्या चार विद्यार्थी घेऊन आल्या, सोबत तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या. बाटली पाण्यात तिरकी बुडवायची, बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही. मग पिपेटने दोन द्रावणं आत सोडायची, बूच लावायचं आणि उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो. त्यांनी आधी सोसायटीच्या नळाच्या पाण्यावर करून दाखवलं. चहासारखा तपकिरी ढग खाली बसला. मग नदीचं पाणी. सगळे वाकून बघत होते. पांढरंफेक. माझा मुलगा म्हणाला, "दूध झालं." मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त दुसरी बाटली भरली. तीही पांढरी. अंघोळीला योग्य पाण्यात लिटरला किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. इथे पुढचं टायट्रेशन करून मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पोत्यांचे फोटो त्यानंतर बंद झाले. आम्ही एक दोनशे पानी वही केली आणि आमच्या पट्ट्यात पाणी सोडणारं प्रत्येक तोंड लिहायला लागलो. अकरा सापडली. कुठलं पाइपाचं, कुठलं दगडी, किती वाजता वाहत होतं, वास कसला, रंग कोणता. मैलापाण्याचा वास वेगळा, गॅरेजच्या तेलाचा वेगळा, हे नाकाला महिन्याभरात कळायला लागतं.

सात नंबरच्या तोंडातून फेस यायचा. पांढराशुभ्र, गुडघाभर, वाऱ्यावर उडणारा. वास वाईट नव्हता, उलट लिंबाचा होता. पावसाळी गटाराचं तोंड ते. भर फेब्रुवारीत त्यातून काही यायलाच नको. आमच्या वहीत 'फेस: रोज' असं लिहिलेलं होतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक वॉचमन आहेत, लातूरकडचे. त्यांनी वही वाचली आणि हसले. "रोज कुठं ओ ताई? ऐतवारी येतो लई. बाकी दिवशी इतका नसतोय. तुम्ही ऐतवारीच येता म्हनून तुम्हाला रोज दिसतो."

रविवारी लोक काय करतात? मी पुलावर उभी राहून विचार केला आणि उत्तर डोळ्यांसमोर वाळत होतं. सगळ्या बाल्कन्यांत कपडे.

पुढचा प्रयोग माझ्या घरात झाला, कारण दुसऱ्या कुणाची परवानगी काढायला नको. स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हा आमचं वॉशिंग मशीन जागा पुरत नाही म्हणून हॉलच्या बाल्कनीत गेलं होतं. पाणी जायला तिथे जाळी होतीच. प्लंबर म्हणाला, 'चालतंय की', मीही म्हटलं चालतंय. ती जाळी पावसाच्या पाण्याची. खालच्या दुकानातून खायच्या हिरव्या रंगाच्या डब्या आणल्या, रिकाम्या मशीनमध्ये ओतल्या, पाणी भरलं आणि ड्रेनचं बटण दाबलं. नवरा फोन घेऊन सात नंबरपाशी उभा. मी सातव्या मजल्यावर. सोळाव्या मिनिटाला त्याचा फोन आला. फक्त "आलं" म्हणाला. तेवढ्याशा वेळात मी चहा टाकला होता, तो उतू गेला.

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट. मोजले तर ३१ घरांची मशिनं चुकीच्या बाल्कनीत. बिल्डरने ड्राय बाल्कनी दिलेली आहे, तिथे ड्रेनेजला जोडलेला नहाणी ट्रॅपही आहे, पण तिथे लोकांनी कपाटं केलीत. म्हणजे दोष द्यायला सवयीने मी बिल्डर शोधत होते, तोही हाती लागला नाही.

सर्वसाधारण सभा साडेतीन तास चालली. ज्यांनी आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं ते बोलले. "वर भुकूमपासून घाण येते, ती आधी थांबवा." "आमच्या एका मशीनने काय होणार?" "टॅक्स कशाला भरतो मग आपण?" यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच पंचाईत. रामनदी आमच्यापर्यंत येते तोवर तिचं बरंच काही झालेलं असतं. पण ज्यांची मशिनं योग्य जागी होती त्या घरांचा मुद्दा मला सगळ्यात रास्त वाटला: दुसऱ्याच्या चुकीचे पैसे आम्ही का भरायचे? शेवटी असं ठरलं की नवीन पीव्हीसी पाइप आणि जोडणी ३१ घरांनी करायची, आणि बाहेरून झोपाळा लावून काम करणाऱ्यांची मजुरी दुरुस्ती निधीतून द्यायची. ठराव झाला. प्रत्यक्ष काम व्हायला आठ महिने लागले, त्यातले पाच एकाच घरासाठी, कारण तिथले लोक अमेरिकेत मुलीकडे होते आणि चावी भावाकडे होती आणि भावाशी बोलणं नव्हतं. नदीच्या पुनरुज्जीवनात हेही येतं.

मग त्याच गटारावर असलेल्या इतर सोसायट्यांकडे गेलो. हिरव्या रंगाचा व्हिडिओ मोबाइलवर होता, तो भाषणापेक्षा उपयोगी पडला. दोन सोसायट्यांनी काम केलं. एका ठिकाणी चेअरमननी गेटवरूनच परत पाठवलं. त्यांना मी दर दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज पाठवते आणि खाली तोच व्हिडिओ.

फेस एकवेळ सोपा. चार आणि नऊ नंबरमधून येत होतं ते खरंखुरं मैलापाणी होतं, आणि तिथे आपल्याला प्लंबर बोलावून भागत नाही. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मोठ्या ड्रेनेज लाइन ओढ्या-नद्यांच्या पात्रातूनच, कडेकडेने टाकल्यात, कारण उतार आयता मिळतो. त्यामुळे चेंबर पात्रात उभी. लाइन तुंबली की झाकणाखालून पाणी वर येतं आणि शेजारीच नदी. पावसाळ्यात उलटं, नदी चेंबरमध्ये शिरते आणि सोबत गाळ, राडारोडा घेऊन जाते. पावसाळा संपला की तोच राडारोडा लाइन तुंबवतो. मुळा-मुठेसाठी ९९० कोटींचा मोठा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला, जपानच्या कर्जातून. ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. केंद्रं व्हायलाच हवीत. पण पाइप ज्या पाण्याला तिथवर नेतच नाही, त्याचं केंद्र काय करणार?

कोणाचं चेंबर, कोणाचं पात्र, यात आमचं एक वर्ष गेलं. एका कार्यालयात सांगितलं, पात्र आमच्याकडे नाही. दुसऱ्यात सांगितलं, पात्र आमचं पण लाइन आमची नाही. तिसऱ्या टेबलावर आमचाच पहिला अर्ज, आम्हाला माहितीसाठी म्हणून, परत मिळाला. रागही आला, पण त्या फेऱ्यांतच आमची मुकादमांशी गाठ पडली. ड्रेनेजच्या गाडीबरोबर चार बिगारी घेऊन फिरणारे, पंचविसेक वर्षं नोकरी झालेले. कुठल्या चेंबरमधून कुठली लाइन जाते हे त्यांना तोंडपाठ. आमच्या हातात नकाशाची प्रत होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "मॅडम, हे कागदावरचं चेंबर रस्त्याखाली गेलंय. या, दाखवतो." पहारीने त्यांनी डांबर ठोकून बघितलं, आवाज बदलला तिथे थांबले. खाली पोकळ. पाच वर्षांपूर्वी रस्ता करताना झाकणावरच डांबर पडलं होतं. तेव्हापासून ती लाइन कुणी साफच केलेली नव्हती.

तिथे जेटिंग मशीन लावलं तेव्हा मी उभी होते. आधी काळं पाणी, मग चिंध्यांचा बोळा, मग सॅनिटरी पॅडची लगदी, मग सिमेंटची खपली. बिगारी बाजूला झाले आणि आतून घुं असा आवाज येऊन पाणी खाली गेलं. नऊ नंबरचं तोंड त्या संध्याकाळी कोरडं पडलं. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात आप्पांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'बंद.'

हे टिकायचं तर पात्रातल्या दोन चेंबरची उंची वाढवायला हवी होती. पुण्यात नागरिकांना आपल्या भागातली लहान कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात सुचवता येतात, त्याचे फॉर्म पावसाळ्याच्या सुमारास निघतात. पहिल्या वर्षी आम्ही 'नदी स्वच्छ करणे' असं लिहिलं आणि ते अर्थातच कुठेच बसलं नाही. दुसऱ्या वर्षी मुकादमांनी शेजारी बसून लिहून घेतलं: चेंबर दोन, उंची अमुक, झाकण अमुक मापाचं, ठिकाण अमुक खांबाजवळ. ते काम झालं. भागीदारी, सहभाग हे शब्द मी आधी बऱ्याच बैठकांत ऐकले होते. आमच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच निघाला की मुकादमांचा नंबर आमच्याकडे आहे आणि ते उचलतात; आमचा त्यांच्याकडे आहे आणि रविवारी दुपारी जेवताना आला तरी आम्ही उचलतो.

मध्ये गट एकदा फुटायला आला होता. मुळा-मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून. काहींना तो काठ बांधून काढणं म्हणजे नदीचा गळा आवळणं वाटतं, काहींना वाटतं निदान काहीतरी होतंय. मी पहिल्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही. पण तेव्हा दोन रविवार सात नंबरकडे कोणी फिरकलंच नाही, पुलावरच भांडण. मग आप्पांनी नियम केला: तो विषय चहाच्या टपरीवर, पात्रात उतरल्यावर नाही. नियम साधारण पाळला जातो.

गेल्या मे महिन्यात केमिस्ट्रीच्या मॅडम पुन्हा आल्या, नवे विद्यार्थी घेऊन. आमच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला साका पांढराच. खालच्या टोकाला, जिथे पाणी दगडांवरून थोडं उड्या मारत जातं, तिथे बाटली हलवली आणि काहीतरी धरलं. अगदी फिकं, पाणीदार चहासारखं. एका मुलीने बाटलीमागे पांढरा कागद धरला. "आहे, आहे," म्हणाली. मॅडम म्हणाल्या, आज ढग नाहीत, ऊन आहे, शेवाळामुळेही असू शकेल, पहाटे पुन्हा घ्यायला हवं. पहाटे घेतलं. पांढरं. दोन्ही नोंदी वहीत आहेत.

अकरातली चार तोंडं बंद, एक कधी बंद कधी चालू. दोन नंबर कुठून येतो ते अजून कळलेलं नाही. हिरवा रंग सात ठिकाणी टाकून झाला. परवा रात्री साडेदहाला मुकादमांनी व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. उघडलेलं चेंबर, टॉर्चचा पिवळा झोत आणि आत भिंतीला एक पाइप, जो कुठल्याच नकाशात नाही. खाली लिहिलं होतं, 'मॅडम हा दोन नंबरचा वाटतो. रंग आहे का शिल्लक?'

घरात दीड डबी होती.